बंदुकीचा वाटा

भांडुपला जन्म काढलेल्या माणसाला सेकंडहँड वस्तूंबद्दल कुणी शिकवू नये. आमची पहिली खोली सेकंडहँड, पहिली स्कूटर सेकंडहँड, पहिला फ्रिज तर थर्डहँड. चिरंजिवांची दहावीची पुस्तकं खालच्या मजल्यावरून आली आणि वरच्या मजल्यावर गेली. एवढंच काय, लोकलमधली बसायची जागासुद्धा आम्ही सेकंडहँडच घेतो. "कुठे उतरणार? घाटकोपर? मग मला द्या," असा तोंडी व्यवहार करून.

त्यामुळे गेल्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियाहून चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल आला आणि "बाबा, एक सेकंडहँड वस्तू घेतोय, जरा नजर टाका," असं तो म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसून ताठ बसलो. निवृत्त माणसाला कुणी सल्ला विचारणं हा सणच असतो. गाडी असेल असं धरून टायरबद्दलची चार वाक्यंही मी मनात जुळवली.

फोनचा कॅमेरा फिरला. टेबलावर एक रायफल आडवी पडली होती.

बायको शेजारी मेथी निवडत होती. तिने मान वाकडी करून पडद्यात पाहिलं. "पडदा लावायचा रॉड आहे का रे?"

"आई, रायफल आहे. रेमिंग्टनची ७००, बोल्ट-ॲक्शन. शेजारच्या आजोबांची. त्यांचे गुडघे गेले, आता जंगलात जाववत नाही, म्हणून विकतायत. डिअर सीझनसाठी घेतोय. हरणांच्या."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. ज्या मुलाने लहानपणी टेंभीपाड्यात बिबट्या आल्याची आवई ऐकून चार दिवस संडासाचं दार उघडं ठेवलं होतं, तो आता हरणं मारणार होता.

मी मात्र सल्ल्याची संधी सोडणार नव्हतो. वापरलेली वस्तू घेण्याचे माझे तीन नियम आहेत. एक, विकणारा का विकतोय ते विचारावं. दोन, तो दाखवतो त्या बाजूने न पाहता दुसऱ्या बाजूने पाहावं. तीन, सोबत एक नाक मुरडणारा माणूस न्यावा. पहिल्याचं उत्तर मिळालं होतं, गुडघे. तिसऱ्यातला माणूस शेजारीच मेथी निवडत होता. राहिला दुसरा.

"नळीत आतून बघितलंस का?" मी विचारलं. मला वाटलं, नळी म्हटली की आतून बघायची असतेच, मग ती बंदुकीची असो की बेसिनची. पण प्रश्न अगदी वर्मी लागला. मुलगा खूश होऊन म्हणाला, "बाबा, बोल्ट-ॲक्शनचा हाच तर फायदा. आधी रिकामी आहे ना ते बघायचं, मग बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. मागून पुढपर्यंत नळी आरपार दिसते." त्याने बोल्ट काढला, पुढच्या तोंडाशी टॉर्च धरला आणि फोनचा डोळा मागच्या बाजूला लावला. काळ्या बोगद्याच्या टोकाला उजेडाचा ठिपका, आणि भिंतीवरून गोल फिरत गेलेले चकचकीत पीळ. गेल्या वर्षी माझ्या एंडोस्कोपीचे फोटो काढले होते ते याहून मळके होते.

"हे पीळच गोळीला फिरवतात," मुलगा सांगत होता. "भोवरा फिरता असला की सरळ उभा राहतो ना, तसं. गंज चढला किंवा पीळ झिजले की नेम गेला."

"आटे चांगले आहेत," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या प्लंबरचं आहे.

मग त्याने बोल्ट पुन्हा बसवून चालवून दाखवला. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. खट्‌-सर्र, सर्र-खट्‌. हा आवाज मी कुठे तरी ऐकला होता. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा लक्षात आलं, ही तर आमच्या जुन्या चाळीतल्या सामाईक संडासाची कडी! उचला, सरकवा, पाडा. लोक इतकी वर्षं बोल्ट-ॲक्शन, बोल्ट-ॲक्शन म्हणून ज्याचा दरारा बाळगून आहेत, ते तंत्र आम्ही रोज सकाळी नंबर लावून वापरत होतो. फरक एवढाच, की ही कडी लावली की बार आत कोंडला जातो, आणि आमची लावली की माणूस.

"कडी ढिली आहे का बघ," मी अधिकाराने सांगितलं. "दस्त्याला तडा? नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नाही ना?" शेवटचा प्रश्न मी कपाच्या अनुभवावरून विचारला होता, पण तोही बरोबर निघाला. गोळी बाहेर पडताना सगळ्यात शेवटी त्या कडेलाच स्पर्श करून जाते. तिथे टवका गेला की गोळी भलतीकडेच जाते. चिरंजीव म्हणाला, "बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?" मी गूढ हसलो. पस्तीस वर्षांत प्रथमच त्याला वडिलांबद्दल आदर वाटला होता, तो मी खुलासा करून कशाला घालवू?

तेवढ्यात नियम क्रमांक तीन बोलला.

"आजवर हरणामागे गेलेल्या एकाचं तरी भलं झालंय का?" बायकोने मेथी बाजूला सारली. "पंचवटीत काय झालं? एका कंचुकीपायी केवढं रामायण! पांडुराजाने हरणांच्या जोडीवर बाण सोडला, तो निघाला ऋषी. शाप लागला, पुढे महाभारत. कृष्णाच्या पायाला हरणाचं तोंड समजून त्या जरा नावाच्या पारध्याने बाण मारला, अख्खा अवतार संपला. एकटा महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध तेवढा तरला. का? तर त्याने मारलं नाही म्हणून!"

पुराणांकडे या बाजूने मी कधी पाहिलं नव्हतं. खरोखरच, आपल्याकडे हरणाच्या शिकारीचा एकही प्रयोग सुखान्त नाही.

"आई, इकडे हरणं उदंड झालीत," मुलगा म्हणाला. "लोकांच्या बागा खातात, गाड्यांवर आदळतात. सरकारच दर वर्षी किती मारायची ते ठरवून लायसन देतं. मी त्याचा कोर्स केलाय, परीक्षा दिलीय. अंगावर अडीचशे चौरस इंच भगवा कपडा घालायचा हा नियम आहे."

"भगवा?" बायको जरा नरमली.

"भडक नारिंगी. दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यालाच हरिण समजू नये म्हणून."

"बघा! त्या जरा पारध्याच्या वेळी हा नियम असता तर?" असं म्हणून तिने मेथी पुन्हा पुढे ओढली.

व्यवहार दुसऱ्या दिवशी झाला. त्या राज्यात दोन माणसांनी आपसांत रायफल दिली-घेतली तर कायद्याची हरकत नसते. पण आजोबा जुन्या वळणाचे. ते हट्टाने मुलाला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले. तिथे एक फॉर्म भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, राज्य पोलिसांकडे संगणकावरून तपासणी झाली, चारशे डॉलर दिले. सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा, मुलगा म्हणाला, त्याच्या आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात गेली.

चाळीस मिनिटं! हा आकडा ऐकून मी उठलो आणि कपाटातली निळी फाइल काढली. कारण सेकंडहँड बोल्ट-ॲक्शन रायफल आमच्याही घराण्यात आहे. ती माझ्या नावावर व्हावी म्हणून मी गेली तीन वर्षं झटतोय. तीही विकत नव्हे, फुकट.

ही रायफल संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांकडे असते. आप्पा म्हणजे माझे धाकटे काका, वय ऐंशीच्या घरात. १९६८ साली त्यांनी ती एका निवृत्त सुभेदाराकडून घेतली. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, ३१५ बोअरची. ३१५ का, याला इतिहास आहे. लष्कराची बंदूक थ्री-नॉट-थ्री. तिची गोळी नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी तो बोअरच बंद करून टाकला आणि बाहेरच्यांसाठी थोडा वेगळा ठेवला. इंग्रज गेले, पण संशय आपण जपून ठेवला. चुलीवर फोडणी तीच, फक्त पळी वेगळी.

आप्पांनी रायफल घेतली ती ऐन तिशीच्या आत. चार मोसम वापरली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. म्हणजे हिशेब असा: पारध चार वर्षं, परवान्याचं नूतनीकरण पन्नास वर्षं. या रायफलीने जेवढी जनावरं पाहिली असतील त्याहून जास्त हेडक्लार्क पाहिले आहेत. आता तर तिला देशाच्या नोंदवहीत आधार कार्डासारखा स्वतंत्र क्रमांकही आहे. आप्पांचं स्वतःचं आधार कार्ड बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून दोनदा परत आलं. बंदुकीचं काम पहिल्या फटक्यात झालं.

आणि निवडणुका! आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, मध्येच पोटनिवडणूक. आप्पा रायफल जुन्या धोतरात गुंडाळतात, एसटीने तालुक्याला जातात, पावती घेतात, निकाल लागला की परत आणतात. गावात लोकशाही किती मुरली आहे याचा अंदाज त्या धोतराच्या चिंध्यांवरून येतो.

तीन वर्षांपूर्वी आप्पांनी फर्मान काढलं, "माझ्याच्याने आता एसटी चढवत नाय. तू नावावर करून घे." कायदा त्याला अनुकूल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, की आपल्या वारसाला ते देता येतं. आप्पांना मूलबाळ नाही, वारस मीच. दोन्ही अटी त्यांनी कधीच्या ओलांडल्या. वाटलं, झालं काम.

पण गावाकडे परवाना जिल्हाधिकारी देतात आणि मुंबईत पोलीस आयुक्त. म्हणजे बंदुकीला माहेर सोडून सासरी यायचं, आणि दोन्हीकडची माणसं पत्रिका बघणार. मला बंदूक चालवण्याचं प्रशिक्षण हवं, डॉक्टरांचा दाखला हवा, शेजारपाजारच्यांनी माझ्याबद्दल बरं बोलायला हवं, आणि घरी ती सुरक्षित ठेवायची सोय हवी. आमच्या घरी सुरक्षित जागा एकच, गोदरेजचं कपाट. त्याच्या लॉकरमध्ये दोन पाटल्या, एक मंगळसूत्र आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं. साडेतीन फुटी रायफल तिरकी घातली तरी पैठण्या बाहेर येतात. "एक तर ती राहील नाही तर मी," असं बायको म्हणाली. ती हे पैठण्यांबद्दल म्हणाली असं मी धरून चाललोय.

खरी गाडी मात्र अडली ती "शस्त्र कशासाठी हवे?" या रकान्यावर. तीन दिवस मी तो रकाना कोरा ठेवून बसलो. पीकसंरक्षण? आमचं पीक म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये एक तुळस, एक कढीपत्ता आणि गेल्या पावसात आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल. त्यावर धाड पडते ती कबुतरांची. स्वसंरक्षण? कुणापासून? आमच्या मागे डोंगर, डोंगरामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभरावर चौरस किलोमीटरचं. तिथून बिबट्या येतो, सोसायटीच्या सीसीटीव्हीत चालून जातो, सकाळी ग्रुपवर त्याचा व्हिडिओ येतो. पण त्याच्यावर बंदूक रोखली तर तीन ते सात वर्षं. बिबट्याला हे माहीत असल्यासारखा तो चालतो.

आणि हरिण? भांडुपहून कावळ्याच्या वाटेने गेलं तर चितळांचा कळप दोन-तीन मैलांवर चरत असेल. पेनसिल्व्हेनियात माझ्या मुलाला हरणापर्यंत गाडीने दीड तास जावं लागतं. म्हणजे बघा, तिथे बंदूक चाळीस मिनिटांत आणि हरिण लांब. इथे हरिण चाळीस मिनिटांवर आणि बंदूक लांब. निसर्गाने समतोल साधलेला आहे. आणि इथे हरिण मारलंच, तर पुढे कोर्ट आहेच. जोधपूरकडचं १९९८ सालचं ते गाजलेलं काळविटांच्या शिकारीचं प्रकरण आठवा. त्यानंतर जन्मलेली मुलं आता स्वतः कोर्टात तारखा घेत असतील.

शेवटी मी रकान्यात खरं ते लिहिलं: "काकांना एसटी चढवत नाही." अर्ज परत आला. मग लिहिलं, "कौटुंबिक वारसा." आता तो कुठल्या तरी टेबलावर विचाराधीन आहे.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, तिकडचा मोसम उघडला. आमची संध्याकाळ झाली होती. बायकोने देवापुढे दिवा लावला, तो मुलासाठी की हरणासाठी हे मी विचारलं नाही. रविवारी सकाळी फोन आला. चिरंजीव थंडीने लाल झालेला, नारिंगी टोपीत.

"मिळालं," तो म्हणाला. "एकच बार."

घरात शांतता पसरली. मी बायकोकडे पाहिलं. आता पंचवटी, पांडुराजा आणि द्वारका एकदम कोसळणार होती. तिने दोन क्षण डोळे मिटले, कुठल्या तरी देवाची माफी मागितली आणि म्हणाली,

"मांस धुतलंस का नीट? दह्यात घालून ठेव. जून असेल ते. आणि मे महिन्यात डंखावर कुटलेला मसाला पाठवलाय ना, तो वापर. कांदा-खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाज. घाई करू नकोस. आणि हे बघ, मला सांगू नकोस कसं झालं ते."

तासाभराने तिनेच फोन करून विचारलं, कसं झालं.

ही बातमी गावी पोचवणं भाग होतं. संध्याकाळी मी आप्पांना फोनवर घेतलं, तिकडून मुलालाही जोडलं. आप्पांना दिसतं कमी, पण कान तीक्ष्ण.

"पोराने बंदूक घेतलीन म्हणे? कितीला?"

मुलाने रुपयांत सांगितलं. आप्पांनी जीभ चावली. "सुभेदाराने मला साडेपाचशेला दिलीन. बरं. नळी बघितलीस?"

"बघितली. बाबांनीच बघायला लावली."

"त्याने?" आप्पांचा हा एक शब्द माझ्या सगळ्या प्रतिष्ठेला पुरून उरला. "बरं. मिळालं काय?"

"हरिण. चांगलं मोठं. फ्रीझर भरलाय, आजोबा. तीन महिने पुरेल मला."

पलीकडे काही तरी बिनसलं. आप्पा बोलेनात. मला वाटलं, रेंज गेली.

"वाटे किती पाडलेस?" त्यांनी विचारलं.

"वाटे?"

मग आप्पांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज इतका सरळ मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पारध म्हणजे काय एकट्याने जाऊन बार टाकायचा? हाकारे वीस-पंचवीस. कोण डबे वाजवणार, कोण नाळ अडवून बसणार. जनावर पडलं की पहिला मान देवीचा. मग मारणाऱ्याचा एक जादा. हाकाऱ्यांचा माणशी एक, मग तो म्हातारा असो की दहा वर्षांचा पोर. कुत्र्यांचा एक. ज्याच्या बांधावर पडलं त्याचा एक. पळसाच्या पानांवर सारखे ढीग, आणि वाटे पाडणारा शेवटचा उचलणार, म्हणजे हात इकडेतिकडे होत नाही. "१९७० साली एका भेकराचे एकतीस वाटे पाडलेले मी. प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर आलं. पण एकतीस घरांत त्या रात्री मसाल्याचा वास होता."

"इकडे तसं नसतं, आजोबा. मी एकटाच होतो. हाकारे वगैरे कुणी नाही. बंदूक पण माझीच."

"आता तुझी. आधी कोणाची?"

"शेजारच्या आजोबांची."

"मग बंदुकीचा वाटा?"

मुलगा गप्प.

"बंदुकीचा वाटा असतो," आप्पा म्हणाले. "मी सुभेदाराकडून घेतली, पण तो जिता होता तोवर दर पारधीचा एक वाटा त्याच्या घरी पोचत होता. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली होत नाय रे लगेच. वाटे पाडले नाहीस, बंदुकीचा वाटा दिला नाहीस, म्हणजे तू पारध नाय केलीस. खरेदी केलीस."

मी आयुष्यभर सेकंडहँड वस्तू घेत आलो. तीन नियम छातीवर मिरवत आलो. विकणाऱ्याचं काही देणं नंतरही उरतं, हा चौथा मला कुणी सांगितला नव्हता. माझ्या स्कूटरचा आधीचा मालक भांडुपातच राहायचा. ती घेतल्यावर मी त्याला कधी एक चहा पाजला नाही. उलट समोरून आला की फूटपाथ बदलायचो, न जाणो, परत मागेल.

तीन दिवसांनी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. लाकडी पायऱ्यांवर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, गुडघ्यांना पट्टे, हातात स्टीलचा डबा. डबा मी ओळखला. बायकोने मुलाला जाताना दिलेला, झाकणावर आमचं नाव कोरलेला. खाली चिरंजिवांनी लिहिलं होतं, बाकीचं सात घरांत दिलं, आणि उरलेलं गरजूंच्या अन्नछत्राला. तिथे शिकाऱ्यांनी दिलेलं मांस घेण्याची सोय आहे म्हणे. म्हातारबाबांनी दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितलं.

"तिखट लागलं असेल बिचाऱ्याला," बायको म्हणाली. पण फोटो तिने तिच्या माहेरच्या ग्रुपवरही टाकला.

मी आप्पांना फोन करून वाट्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी बोटांवर मोजला असावा. "नऊ," ते म्हणाले. "कमी आहेत. पण पहिलीच पारध आहे. हां, आता ती बंदूक त्याची झाली."

"आणि आपली, आप्पा? अर्ज अजून विचाराधीन आहे."

"राहू दे रे. आचारसंहिता लागली म्हणून परवाच पुन्हा जमा करून आलो. हवालदाराने विचारलंन, आजोबा, हिच्याने काय मारलंत कधी?" आप्पा हसले, खोकले, पुन्हा हसले. "मी मनात म्हटलं, बाबा, वर्षातले सहा महिने ही तुमच्याचकडे असते. आता कधी काळी हिने काही मारलंन, तर बंदुकीचा वाटा पोलीस ठाण्यातच पोचवायला हवा."